धुऊन वाळत घातलेली छत्री

ती घटना आठवली, की इतक्या वर्षांनीही मी आधी गोंधळतो. सत्तरच्या दशकात मी अनसिंग भागात फौजदार होतो. एका सकाळी कोतवाल धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, वावरात आभायातून माणूस पडला. त्याची छत्री कोनं तरी कापून नेली."

आभाळातून पडलेला माणूस स्टेशन डायरीत कसा लिहायचा, हे ठाणे अंमलदाराला कळेना. मलाही कळेना. छत्री म्हणजे पॅराशूट. त्याच्या उडीचा सराव करणारा तो गडी पाय मोडून, डोकं फुटून वाशिमच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला कापलेल्या दोऱ्या लोंबत होत्या. त्याच्या पथकाचा प्रमुख जीप घेऊन आला आणि माझ्यावरच डाफरला. "झाडाला लटकला असेल. कापडासाठी दोऱ्या कापून खाली पाडलाय. तीनशे सात लावा, खुनाचा प्रयत्न."

छत्री शोधावी लागलीच नाही. गावात विहाराजवळ एका शेतकऱ्याच्या कुंपणावर भर उन्हात ती पसरली होती. पाणी निथळत होतं.

"दोऱ्या म्याच कापल्या," शेतकरी म्हणाला.

"काहून?" मी विचारलं.

"वारा त्याले हिरीकडे ओढून राह्यला होता. हिनं पाय धरले, म्या विळा चालवला."

"मग छत्री धुतली कायले?"

त्याची बायको पुढे आली. "रक्त होतं साहेब. लोकाचं कापड तसंच वापस देऊ काय?"

पुरावा धुतला म्हणून प्रमुख आणखी भडकला. माझं तर डोकंच चालेना. कबुली होती, मुद्देमाल होता, पण लपवालपवी कुठंच नव्हती. नवरा तुरुंगात जाईल या भीतीने ती बाई मात्र त्याचा दंड धरून उभी होती.

पंच घेऊन मी वावरात गेलो. तिथं एकही झाड नव्हतं. नांगरलेल्या काळ्या मातीत माणूस फरफटल्याचा पट्टा सरळ विहिरीकडे गेला होता. विहिरीला कठडा नव्हता. पट्टा हातभर अलीकडे थांबला होता आणि तिथं अनवाणी टाचा खोल रुतल्या होत्या. ते अंतर मी पंचनाम्यात मोजून लिहिलं.

संध्याकाळी तो गडी शुद्धीवर आला. "कुणीतरी पाय घट्ट धरले होते," एवढंच त्याला आठवत होतं. तीनशे सातचा विषय तिथंच संपला.

चोरीचा माल म्हणून पुढे आलेली वस्तू कशी ठेवली होती, हे मी तेव्हापासून आधी पाहू लागलो. माणसाची नियत तिथं दिसते.

बाईने छत्री लुगड्यासारखी नीट घडी घालून प्रमुखाच्या हाती दिली. "एक डाग राह्यला साहेब. सोडा लावून लय घासलं, पन निंगेना."

सोड्याने घासलेली छत्री पुन्हा उडीच्या कामाची नसते, हे तो वाटेत मला म्हणाला. तिला मात्र त्याने ते सांगितलं नव्हतं.