गयामावशीची अडकणारी सीडी

समोरचा माणूस जरा फुशारकी मारायला लागला की गयामावशी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून त्याच्या डोक्याकडे बघायला लागायची. अगदी टक लावून. तो बोलता बोलता गांगरायचा, केसांवरून हात फिरवायचा, काही लागलंय का म्हणून विचारायचा. मग मावशी शांतपणे म्हणायची, "काही नाही. जरा विग सरकला." कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे ह्या वाक्याला वचकून असत. नवीन माणसाला त्यातलं काही कळायचं नाही. त्याला ती घरी बोलवायची, चहा द्यायची आणि टीव्ही लावायची. टीव्हीवर काय लागणार हे आम्हा शेजाऱ्यांना पाठ होतं.

मावशीचं दार आमच्या दारासमोर होतं. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्याला नोकरीला. ती स्वतः आनंदनगर एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. दिवसभर बाटल्यांवर लेबलं चिकटवायची आणि घरी येऊन माणसांची लेबलं काढायची, असं माझे पप्पा म्हणत. हौस म्हणून तिने उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून सीडी प्लेअर आणला, तेव्हा दुकानदाराने एका हिंदी सिनेमाच्या दोन सीडी फुकट दिल्या. "मावशी, ये भी रख लो, इधर कोई लेता नहीं," असं तो प्रामाणिकपणे म्हणाला होता. त्या सिनेमाचं नाव आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं आणि त्यातला हिरोही पुढे कुठे दिसला नाही. मावशीने मात्र दुसऱ्या सिनेमाची सीडी कधी आणलीच नाही.

गोष्ट अशी की एक मोठा फिल्मस्टार असतो. त्याच्या दाट, उडत्या केसांवर सगळा देश फिदा असतो, आणि ते केस खोटे असतात. विग काढला की त्याला कुणी ओळखत नाही, म्हणून तो टकला होऊन बाजारात भटकतो, पाणीपुरी खातो. तिथे त्याला विग बनवणाऱ्या दुकानातली मुलगी भेटते. ती त्याच स्टारवर मरत असते. भिंतभर त्याची पोस्टर्स लावलेली आणि दारात उभ्या असलेल्या टकल्याला मात्र रोज हाकलून देते. मध्ये सात गाणी आणि एक माकड होतं. बाकीचे लोक माकडासाठी बघत, मावशी धम्मासाठी बघायची.

हे मी थट्टेने म्हणत नाही. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं आणि वाचल्यावर कुणीतरी चार शब्दांत अर्थ सांगायचा. मावशीची पाळी आली की विहार भरायचा. "दुःख कुठनं येतं?" ती विचारायची. "विग घातला म्हणून नाही येत. घाला की, चांगला दिसतो. विग पडंल, ह्या भीतीनं येतं. तो हिरो बिचारा पंख्याखाली बसत नाय, झोपताना कूस बदलत नाय. एवढा पैसा, आणि डोकं खाजवायची चोरी." तृष्णा म्हणजे काय, तर त्या मुलीने पोस्टरवर प्रेम करणं आणि दारात आलेला माणूस हाकलणं. बायका हसून हसून डोळ्यांना पदर लावायच्या, आणि घरी जाताना गप्प असायच्या.

विहाराचे अध्यक्ष वाघमारेकाका ह्या प्रकाराने भयंकर चिडले. काका भाषणाचे शौकीन. उभे राहिले की श्रोत्यांचा चहा दोनदा व्हायचा. विहार म्हणजे थिएटर नव्हे, असं त्यांनी सर्वांसमोर सुनावलं. मावशीने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. काकांचा हात केसांवर गेला आणि सभेत हशा फुटला. मग सिनेमात नक्की काय आहे ह्याची तपासणी करायला ते स्वतः मावशीकडे गेले आणि शेवटपर्यंत बसले. म्हणजे, जिथपर्यंत शेवट होता तिथपर्यंत.

कारण दुसरी सीडी अडकायची. मोठा समारंभ असतो, हिरोला बक्षीस मिळत असतं, ती मुलगी गर्दीत उभी असते. त्याला ती दिसते. तो माईकसमोर येतो, हात वर नेतो, बोटं केसांना लागतात, आणि तिथे सीडी गचकन थांबायची. हिरोचे चौकोन चौकोन व्हायचे. मशीन घरघरायचं. आम्ही सीडी पुसली, साबणाने धुतली, एकाने टूथपेस्ट लावली. हिरोचा हात काही डोक्यावरून हलला नाही. त्याने विग काढला की नाही काढला, ह्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दोन पक्ष होते. दुसरी कॉपी आणू या, असंही काहींनी सुचवलं, पण मावशीने साफ नकार दिला. "हात डोक्यापर्यंत नेला ना त्यानं? सिनेमानं तेवढंच करायचं असतं. पुढचं आपलं आपण करायचं."

हे सगळं माझ्यावर शेकणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात होऊन बराच काळ झाला होता. मी काळी, चष्मेवाली आणि तोंडाने फटकळ. फोटो जायचा आणि परत यायचा. कुणाला पत्रिकेचं कारण सांगायची सोय आम्हा बौद्धांत नव्हती, त्यामुळे लोक नुसतंच "कळवतो" म्हणत. मी वरवर हसून न्यायची आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. शेवटी आईने मला उल्हासनगरच्या एका नावाजलेल्या स्टुडिओत नेलं. "ऐसा बनाऊँगा, घरवाले भी नहीं पहचानेंगे," असं फोटोग्राफर म्हणाला आणि त्याने शब्द पाळला. फोटोत एक दुधासारखी गोरी मुलगी काश्मीरच्या बर्फासमोर फुलदाणीला टेकून उभी होती. चष्मा गायब, नाक सरळ. आईला ती फार आवडली. मला तिचा हेवा वाटला.

फोटो जाताच अंबरनाथहून उत्तर आलं. मुलाचं नाव मिलिंद. त्याचाही फोटो आला. भरदार छाती, काळा कोट, मागे तोच बर्फ आणि तीच फुलदाणी. मी तो फोटो मावशीला दाखवला. तिने दोन्ही फोटो शेजारी धरले आणि म्हणाली, "सुजाता, ह्या दोघांचं लग्न झकास होईल. तुझं काय करायचं ते बघ."

ठरलेल्या दिवशी पाहुणे यायला अजून तास होता. कोथिंबीर राहिली म्हणून आईने मला खाली पिटाळलं. मे महिन्याचं ऊन. दुकानापाशी एक हडकुळा तरुण हातावर कोट टाकून घाम पुसत उभा होता. मला वाटलं, विमा एजंट. त्याने आमच्या बिल्डिंगचा पत्ता विचारला, मी सांगितला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "एक सांगाल का? हा कोट घालू की नको?" मी म्हटलं, भाऊ, एवढ्या उन्हात कोट घालून गेलात तर घरातले आधी डॉक्टर बोलवतील. तो इतका मनापासून हसला की मी घरी येईपर्यंत विनाकारण हसत होते.

वर गोंधळ उडालेला. पाहुणे रिक्षाने लवकरच येऊन टेकले होते आणि आमच्याकडे तयारी काहीच नव्हती. म्हणून मावशीने "जय भीम, या, या" करत त्यांना परस्पर आपल्या घरात बसवलं होतं आणि टीव्ही लावला होता. वेळ कमी म्हणून थेट दुसरी सीडी. पप्पा त्यांना बोलवायला गेले तर कुणी उठेना. मुलाची आई म्हणाली, जरा थांबा, हा टकला कोण ते त्या मुलीला कळतंय का बघू. शेवटी पप्पांनी कार्यक्रम तिथेच करायचं ठरवलं.

आईने माझा चष्मा काढून घेतला, तोंडाला पावडर फासली आणि हातात पोह्यांचा ट्रे दिला. चष्म्याशिवाय मला माणूस आणि कपाट एकसारखं दिसतं. मी अंदाजाने मावशीच्या घरात शिरले आणि पहिली बशी मुलाच्या आईला म्हणून अदबीने मावशीच्या हातात दिली. त्याच क्षणी टीव्ही घरघरला आणि सीडी अडकली. मोठा समारंभ, हात डोक्यावर, चौकोन चौकोन.

सगळे पडद्याकडे बघत होते. मुलाच्या आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पर्समधून फोटो काढून त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "फोटोतली मुलगी कुठंय?"

पप्पा पंख्याकडे बघायला लागले. हेही गेलं, आणि ह्या वेळी माझ्या देखत गेलं, एवढंच मला कळलं.

"ती होय?" मावशी पोह्यांचा घास गिळत म्हणाली, "ती उल्हासनगरलाच राहिली. स्टुडिओत असती ती. तुमचा मुलगाबी तिथंच राहतो ना, बर्फात?"

आणि तिने माझ्या हातात काहीतरी कोंबलं. माझा चष्मा. आईच्या हातून तिने तो कधी काढून घेतला, कोण जाणे. मी टीव्हीकडे पाहिलं. तो हिरो तसाच, हात वर करून, कुणाची तरी वाट बघत होता. मी चष्मा घातला. समोर, दोन माप मोठ्या कोटात, घामाने निथळत, कोथिंबिरीच्या दुकानापाशी भेटलेला तो विमा एजंट बसला होता.

"फोटोतली मीच आहे," मी म्हटलं, "पण मी तशी नाही. मी अशी आहे."

तो उठला. त्याने कोट काढून शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवला. "हा भाऊजींचा आहे. फोटोतला स्टुडिओचा होता. माझ्याकडे कोट नाहीच."

मग जे सुरू झालं ते आवरेना. पप्पा खाकरून म्हणाले की मुलगी ऑफिसर नाही, डिस्पॅचला टायपिंग करते. आई म्हणाली, "पोहे सुजाताने केलेले नाहीत. खरं तर मीही नाही, गयाबाईंनीच केलेत." फोटो काढायला कॅमेरा घेऊन आलेले भाऊजी म्हणाले, कॅमेरा मित्राचा आहे. राहता राहिली मुलाची आई. तिने हातातला फोटो परत पर्समध्ये ठेवला. मावशी तिच्या डोक्याकडे बघत नव्हती. अशा वेळी पहिल्यांदाच ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"सोनिवलीचा आमचा फ्लॅट सांगितला ना तुम्हाला," ती बाई शेवटी म्हणाली, "तो अजून नुसता खड्डा आहे. पाणी साचलंय त्यात."

पप्पा आधी हसले. मग ती हसली, मग सगळं घर. भाऊजींनी त्या गडबडीत मावशीचा फोटो काढला. माझ्याकडे बघून मिलिंदने हळूच विचारलं, आता डॉक्टर बोलवणार का? माझं तिथेच ठरलं. आमचं लग्न त्याच विहारात झालं आणि वाघमारेकाकांच्या भाषणात पाहुण्यांचा चहा तीनदा झाला.

यथावकाश सोनिवलीच्या खड्ड्यातून बिल्डिंग वर आली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. मावशी यायची, गॅलरीत बसायची आणि म्हणायची, "बघ, खड्डा म्हटलं तर भरला. फ्लॅट म्हणत बसले असते तर खड्डाच राहिला असता." पुढे एका हिवाळ्यात, कामावरून येऊन चहा ठेवता ठेवता ती गेली. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. मला मात्र झाला. अजून होतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या हॉलमध्ये हार घातलेला भला मोठा फोटो होता. मुलाने पुण्याहून धावपळीत येऊन कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करायला दिला होता. कुठे, ते सांगायला नको. फोटोतली बाई दुधासारखी गोरी होती. सुरकुत्या नाहीत, केस काळेभोर, गळ्यात कधी नव्हती ती मोत्यांची माळ. मावशीच्या पॅकिंगमधल्या बायका फुलं घेऊन दारात आल्या आणि घर चुकलं की काय म्हणून थबकल्या. त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, "ह्या कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मिलिंद गंभीरपणे म्हणाला, "ह्या उल्हासनगरला असतात."

मला हसू फुटलं. भर दुःखाच्या घरात, मोठ्याने. मावशीचा मुलगा चमकून बघायला लागला. मग त्याने फोटोकडे नीट पाहिलं आणि तोही हसता हसता खाली बसून रडायला लागला. मिलिंद स्कूटरवरून सोनिवलीला गेला आणि भाऊजींनी काढलेला तो फोटो घेऊन आला. आम्ही हार उतरवून त्या लहान फोटोला घातला. गालात पोह्यांचा घास, पुढचा एक दात नाही. हसता हसता सरकलेला पदर सावरायला हात डोक्यावर गेलेला, आणि नजर कॅमेऱ्याच्या जराशी वर, भाऊजींच्या केसांकडे. "हां, ही आपली," पॅकिंगमधल्या बायका म्हणाल्या आणि तेव्हा कुठे रडल्या.

वंदना झाली आणि वाघमारेकाका बोलायला उभे राहिले. वंदना घ्यायला आलेले भन्तेजीसुद्धा जरा टेकून बसले. काकांनी घसा साफ केला, दिवंगत उपासिकेच्या धम्मकार्यात आपण अध्यक्ष ह्या नात्याने सतत कसं प्रोत्साहन दिलं, इथून सुरुवात केली, आणि बोलता बोलता त्यांची नजर फोटोकडे गेली. मावशी त्यांच्या डोक्याकडे बघत होती. काकांचा हात आपोआप केसांवर गेला आणि ते तिथेच अडकले. आम्ही सगळे बघत राहिलो.

"मी त्यांना विहारात बोलू नका म्हणालो होतो," काका वेगळ्याच आवाजात म्हणाले. "आणि दर वेळी ऐकायला पहिल्या रांगेत मीच जाऊन बसायचो. त्यांना हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

एवढं बोलून ते खाली बसले.

मिलिंद माझ्याकडे वाकला आणि कानात म्हणाला, "काढला."