लाल घ्यावी की हिरवी

मोहन्याकडची आमची जमीन कारखान्याला गेली, तिचे पैसे आले आणि त्याच वर्षी ह्यांच्या डोक्यात स्पोर्टस् मोटार शिरली. नवी नव्हे. मायदेशी परतलेल्या साहेब लोकांच्या जुन्या मोटारी कल्याणच्या एका गॅरेजात उभ्या होत्या, त्यांतली एक. लांब नाकाची, तारांच्या चाकांची, उघडी. सासऱ्यांनी हो म्हटलं. आता कुठली घ्यायची एवढंच ठरायचं होतं, आणि ते ठरता ठरता महिना गेला.

हे इंजिनाचं बोलायचे. आणि बोलायचे कुठे? मी विहिरीवर असले की ह्यांना हटकून तहान लागायची. "लाल मोटारीला दोन कार्बोरेटर आहेत गं," असं पोहऱ्याकडे बघत सांगायचे आणि कुणी आलं की पाणी न पिताच सटकायचे. शहाडजवळच्या आमच्या त्या घरात चौदा माणसं. सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, आणि गाडीत पुरुष पुढे, बायका मागे, ही रीत. लग्नाला दोन वर्षं झाली होती; दिवसाउजेडी मी ह्यांच्या शेजारी बसले होते ती फक्त लग्नाच्या पाटावर.

तेव्हा कार्बोरेटर गेले खड्ड्यात. माझी चौकशी एकच, "मागे सीट आहे?"

"लाल मोटारीला? नाही. दोघांपुरतीच."

"मग लालच घ्या."

हे बघतच राहिले. मग उमगलं, तसे इतके लाजले की हातातला पोहरा विहिरीत गेला. त्या दिवसापासून आम्ही दोघं लाल मोटारीच्या पक्षाचे. मला तर भाकऱ्या थापतानाही हसू फुटायचं.

निवाडा करायला सगळं घर बैलगाडीतून गॅरेजात गेलं. सासरे लाल मोटारीभोवती फिरले, चाकाला काठी लावून पाहिली. सासूबाईंनी आत डोकावून सरळ विचारलं, "दोघांची गारी? नि आमी काय मागं धावाचा?"

गिऱ्हाईक जाईल म्हणून गॅरेजवाला घाबरला असावा. त्यानं शेजारची हिरवी दाखवली. तीही दोघांचीच, पण पाठीवरच्या झाकणाची मूठ ओढली की आत, उघड्यावर, आणखी एक सीट. डिकी म्हणायचे तिला. सासूबाईंचा चेहरा उजळला. "ही ब्येस! पुढं बाप-लेक, मागं सून."

दोन वर्षांनी शेजारी बसायला मिळणार होतं, आणि माझी रवानगी डिकीत होत होती. हे माझ्याकडे बघेनात. कुठून धीर आला देव जाणे, मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "आई, एकदा तुम्हीच बसून बघा ना." मला वाटलं, चढतानाच वैतागतील आणि हिरवी बाद होईल.

चढल्या! काष्टा सावरत, मडगार्डवर पाय देऊन. गॅरेजवाल्यानं चौकापर्यंत फिरवून आणली तर उतरेनात. रस्त्यातली माणसं माना वर करून आपल्याकडे बघतात, हे त्यांना कळलं होतं. "मना हीच जागा पायजे," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. सासऱ्यांना आपली बैलगाडीच बरी वाटत होती. हिरवी घरी आली.

पहिली फेरी टिटवाळ्याच्या गणपतीला. चाक धरून हे, शेजारी मी, कारण दुसरी जागाच नव्हती, आणि आमच्या डोक्यामागे सासूबाई. जिंकले की हरले, मलाच कळेना. शहाड सुटेपर्यंत मी तोंड शिवून बसले. मग वेग वाढला, इंजिन कोकलायला लागलं, आणि हे पुढे बघतच ओरडले, "भीती वाटते का गं?"

"नाही! आणखी जोरात!"

त्यानंतर आम्ही जे सुटलो! विहिरीवर अर्धवट राहिलेलं सगळं बोलून घेतलं, ओरडत, हसत. खड्ड्यात मोटार उडाली की ह्यांचा खांदा मला लागायचा. इतकी सुखी मी त्याआधी कधीच नव्हते.

देवळाशी मोटार थांबली, तेव्हा कुठे मला मागच्या सीटची आठवण झाली आणि मी घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला. सासूबाई उतरल्या. केस विस्कटलेले, अंगभर धूळ. पदर झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाऱ्यानं मना काय ऐकू नाय आलं."

मी काही विचारलंच नव्हतं.

दर्शन घेऊन आम्ही बाहेर आलो, तर त्या आधीच डिकीत चढून बसल्या होत्या. ह्यांना म्हणाल्या, "जाताना लांबचे वाटंनं ने रं."