शुभेच्छुकांची पट्टी

गावचे पुढारी अंगददादा यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सकाळीच चौसाळ्याच्या चौकात लागला. उज्मा दुकानाचं शटर वर करत होती, तेवढ्यात तिचे अब्बा फळांचा गाडा वाटेत चौकातच सोडून धावत आले. रहीमभाई कधी गाडा सोडत नाहीत, समोर गिऱ्हाईक नसलं तरी नाही.

"बेटी, चौक में जाके देख. शहादेव दोनों बोर्ड पे हाय."

"दोनों मतलब?"

"श्रद्धांजली पे बी, और बड्डे पे बी."

उज्मानं शटर अर्ध्यावरच सोडलं.

अंबाजोगाईहून बीए होऊन आल्यावर तिनं अब्बांच्या गाड्यामागच्या गाळ्यात कॉम्प्युटर मांडला होता. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं आणि सगळ्यांत जास्त फ्लेक्स. एका खिडकीत फोटो, दुसरीत मजकूर, तिसरीत व्हॉट्सअ‍ॅप, आणि स्टुलावर "झालं का, झालं का" करत बसलेली माणसं. या धांदलीला कंटाळून गेल्या उन्हाळ्यात तिनं एक लाँचर अ‍ॅप टाकून घेतलं. दोन बटणं एकदम दाबली की पडद्याच्या मधोमध एक रिकामी ओळ उघडते. तिथं दोन-तीन अक्षरं टाकली की हवी ती फाइल, हवा तो प्रोग्रॅम, मागं कधी कॉपी केलेला मजकूर, जे मागाल ते पुढ्यात. रोजची कामं तिनं एकेका शब्दाला बांधून टाकली. 'पट्टी' लिहिलं की खालच्या शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग आपोआप बसायची आणि फ्लेक्स छपाईला बीडला रवाना व्हायचा. स्टुलावरच्या माणसाचा चहा संपायच्या आत काम संपू लागलं.

ही शुभेच्छुकांची रांग म्हणजे गावात मोठं नाजूक प्रकरण. कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी, कोणाचा बोटभर मोठा, कोणाचा गॉगल घालून. आपला फोटो राहिला म्हणून एकानं दुकानासमोरच फ्लेक्स पेटवला होता. शेवटी अंगददादांची सगळी धावपळ सांभाळणाऱ्या त्रिंबकनं साऱ्यांना समोर बसवून रांग कायमची ठरवली आणि बजावलं, "उज्मा, आता हिला हात लावायचा न्हाई." तिनं लावला नाही. हळूहळू बघणंही सोडलं.

त्याच रांगेत पांढऱ्या शर्टात, हात जोडून शहादेव उभा होता. मागच्या आठवड्यात हायवेवर मोटारसायकलला ट्रकची धडक बसली आणि तो जागीच गेला. त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स उज्मानंच केला होता, डोळे पुसत पुसत. आणि काल अंगददादांच्या कामाची घाई झाली तेव्हा तिच्या बोटांनी सवयीनं 'पट्टी' लिहिलं.

आज शहादेवचा दहावा. नदीकडं जाणारी जीप या चौकातूनच जाणार होती, आणि जीपमध्ये त्याची आई असणार होती.

उज्मा चौकात पोचली तेव्हा दोन्ही फ्लेक्स एकमेकांशेजारी फडफडत होते. एकीकडं हार घातलेला शहादेव, दुसरीकडं केकच्या चित्राखाली हसणारा शहादेव. त्रिंबक शिडीच्या पायथ्याशी उभा होता.

"त्रिंबकभाऊ, हा उतरवा. आत्ताच्या आत्ता."

"येडी झालीस का? दादा इथंच केक कापणार हायेत."

"वर नीट बघा तरी. शहादेवभाऊ हाय त्यात."

त्रिंबकनं मान वर केली आणि त्याचा आवाज एकदम उतरला. "आयला... तू बघितलं न्हाईस?"

"तुमी लावताना बघितलं?"

"मला कशाला इचारतीस? कागद चिकटवू त्याच्या तोंडावर."

"तोंडावर कागद?" उज्मा ओरडलीच. "त्याच्या दहाव्याला?"

तेवढ्यात जीप आलीच. पाहुणे घ्यायला थांबली ती नेमकी फ्लेक्सखाली. उज्माला वाटलं, आपण आडवं उभं राहावं. पण एवढ्या मोठ्या फ्लेक्ससमोर ती कशाला पुरणार? पुढच्या सीटवर शहादेवची आई, केशरबाई होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं त्यांना फक्त पिवळा-भगवा रंग दिसला.

"ह्यो नवा कोणाचा लागला गं?"

"दादांचा वाढदिवस हाय, मावशी," त्रिंबक घाईघाईनं म्हणाला. "चला, उशीर होतोय."

"कोण, उज्मा हाय का तिथं? तूच केलास ना? वाच की. आपल्या गल्लीतलं कोण कोण हाय?"

जीपमधली माणसं वर बघत होती आणि कोणी कोणाकडं बघत नव्हतं. उज्मानं वाचायला सुरुवात केली. एक नाव, दुसरं, तिसरं. पुढचं नाव गिळून त्याच्या पलीकडचं घेणं सोपं होतं, आणि ते तिच्या ओठांवर आलंही.

"कावून गप झालीस?"

"मावशी," उज्मा म्हणाली, "इथं शहादेवभाऊचा फोटो तसाच राहिलाय. माझ्या हातून चूक झाली. मी बघितलंच न्हाई."

केशरबाईंनी लुगड्याचा पदर तोंडाशी धरला.

"कसा हाय त्यात?"

"हात जोडून."

"हां." त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "तसाच असंल. जिता होता तवा बी दुसऱ्याच्याच वाढदिवसाला हात जोडून उभा राहायचा. घरी जेवायला बोलवलं तर यायचा न्हाई." मग त्रिंबकच्या दिशेनं तोंड वळवून, "उतरव रं त्याला. आता तरी सुटी दे."

"मावशी, दादा येतील की..."

"येऊ दे. मी इथंच बसते मग."

त्रिंबक शिडीवर चढला. दोऱ्या सुटल्या, फ्लेक्स धप्पकन खाली आला, आणि तेव्हाच जीप हलली. केशरबाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

त्रिंबक गुंडाळी काखेत मारून कपाळाचा घाम पुसत होता. "त्याच्या जागी कोणाला घ्यायचं ते पाठवतो तुला. दुपारपर्यंत नवा लागंल. तुझं काय, दोन अक्षरं टाकायचं काम."

"कालपर्यंत होतं," उज्मा म्हणाली. "आता एकेक तोंड बघून करीन. आज होणार न्हाई, त्रिंबकभाऊ."