अक्कांची बाय-टू कॉफी

अक्कांनी बाय-टू कॉफी कधी घेतली नाही. बंगळूरच्या बसवनगुडीत जन्म काढून एका कॉफीचे दोन पेले न करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. त्या अख्खी मागवत, निम्मी पीत, उरलेली टाकून देत. प्रयोगशाळेत सगळे त्यांना शिष्ट समजायचे. लग्नानंतर पुण्याहून आलेली मी त्यांच्याच हाताखाली रक्त तपासायला शिकले आणि मीही तेच समजले.

हिपॅटायटिस सीची तपासणी तेव्हा नवीनच होती. रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असली की तबकडीच्या खळग्यात पिवळा रंग येई. रिपोर्ट पाहून पेशंट रडू लागला की अक्का त्याला खुर्ची देत. म्हणत, "अंगणात पावलं दिसली, इतकंच. पाहुणा घरात आहे की निघून गेला, ते पावलं नाही सांगत. घरी जा, मुलांना जवळ घ्या. शेजारी बसून जेवल्यानं हे लागत नाही." मग त्या आपल्या दोन खोल्यांत परतत. तिथे दुसऱ्या कुणाच्या चपला मी कधी पाहिल्या नाहीत.

दर सहा महिन्यांनी तबकडीत एक बिननावाचा नमुना असे. "अक्का, हा लाडका पेशंट कोण?" मी एकदा छेडलं. त्यांनी अंगठा पुढे केला. पेशंटचं रक्त काढलेली सुई तिथे टोचली होती. "पहिले दोन महिने काहीच दिसलं नाही. मी पेढे आणणार होते. मग आला पिवळा."

सुई टोचली त्याच सुमारास हुबळीला त्यांच्या भावाला मुलगा झाला होता. अक्का बारशाला गेल्या नाहीत, नंतरही नाहीत. रजा नाही, असं कळवत राहिल्या. मला रागच आला. "लोकांना सांगता ते स्वतःला का नाही सांगत?"

"कळतं गं. हात पुढे होत नाही."

पुढे जुना आणि नवा नमुना शेजारी ठेवला की रंग उतरलेला दिसू लागला. "अक्का, फिका झालाय!"

"फिका म्हणजे गेला नव्हे. स्वल्प थांब." थांबण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

शेवटी खुद्द विषाणू शोधणारी तपासणी आली. मीच हट्टानं त्यांचं रक्त पाठवलं. विषाणू नव्हता. बहुधा पहिल्याच वर्षी निघून गेला असावा.

त्या दुपारी हॉटेलात अक्कांनी आपणहून बाय-टू सांगितली. पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आता हुबळीला कधी?" मी विचारलं.

"जाईन की. पण सहा वर्षांचा झाला गं तो. अनोळखी बाईच्या मांडीवर कशाला बसेल?"