सामाईक बांधावरची पाथरी

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, गावातली माणसं गौरम्माच्या शेताकडं जेवायला निघाली की गुणाबाई ओट्यावर बसून एकेकाचं तोंड बघायची. मग आत जाऊन देवापुढं दिवा लावायची आणि देवालाच सांगायची, "जाऊ देत. मला काय करायचंय?"

भूकंपाच्या साली पत्र्याच्या शेडातली सारी वस्ती येळवसेला गुणाबाईच्या शेतात जेवली होती. तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, बांधावर आपसूक उगवणारा पाथरी, चंदनबटव्याचा पाला, सगळं एका पातेल्यात शिजवलेलं. तिच्या या भज्जीचं नाव झालं. पुढं पाऊस लहरी झाला. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, मागोमाग तणनाशक आलं. गुणाबाईच्या बाजूचा बांध अंगणासारखा साफ झाला. शेजारच्या गौरम्मानं फवारा शिवू दिला न्हाई, म्हणून पाथरी तिच्याकडं उरली आणि माणसंही तिकडंच वळली.

यंदा भादव्यात गुणाबाईनं फवारणीवाल्याला सांगितलं, "बांधाच्या पल्याडबी मार. तिचं तण माझ्यात येतंय." तणाचं निमित्त होतं. खुपत होती ती भज्जी.

दिवाळीनंतर नात शिल्पा लातूरला क्लासमध्ये पेपर लिहितानाच चक्कर येऊन पडली. रक्त सात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, जेवणाचं विचारलं. मेसची पोळी, बटाटा.

"आजी, तुम्ही या वयात काय खात होता?"

"ज्वारीची भाकर. बांधावरचा पाला."

"तेच द्या हिला. हल्ली खेड्यातल्या पोरीसुद्धा अशाच पांढऱ्याफटक येतात."

गुणाबाईनं गावी परतून दोन्हीकडचा बांध पालथा घातला. सगळं करपलेलं. शेवटी गौरम्माचं दार गाठलं.

"अक्का, पोरीसाठी मूठभर पाथरी पायजे."

"यंदा मलाच न्हाई. कुणाचा तरी फवारा उडाला."

गुणाबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली, "कुणाचा न्हाई. मीच मारायला लावला."

"ठाव हाय मला. तू सांगतीस का तेवढं बघत होते." गौरम्मानं सूप पुढं केलं. "न्हाणीमागं चार रोपं हायती. पोरीपुरतं खुड, मुळं राहू दे. मिरगाला त्याचंच बी बांधावर टाकू. तुझ्या अंगानंबी. अन् फवारा बंद."

"बंद," गुणाबाई म्हणाली.

न्हाणीमागं पाथरी हातभर माजली होती. खुडता खुडता ती पुटपुटली, "हिच्या सांडपाण्यातबी काय असतंय, देव जाणे."