जित्यांचं तोरण

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. वडीगोद्रीला आमच्या गल्लीत दिवाळीत जे कापडी तोरण लागायचं, त्यात दत्ताच्या नावाचा तुकडा माझ्या जुन्या शर्टाचा असायचा. दत्ताची आई, अंजनामाय, तो स्वतःच्या हाताने शिवायची. शिवण्याआधी गालाला लावून बघायची. मी समोर बसून ते पाहत असायचो.

अंजनामाय आमच्या शेजारची. ठेंगणी, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शिवताना सुई दातात धरून बोलायची सवय होती, त्यामुळे शब्द ओठांच्या एकाच कोपऱ्यातून यायचे आणि नव्या माणसाला वाटायचं, ही बाई आपल्यावर रागावली आहे. पुष्कळदा ती खरोखरच रागावलेली असायची.

दसरा झाला की पिशवी घेऊन ती घरोघर फिरायची. घरात जितकी माणसं तितके तुकडे. "कोरं नगं बाई, अंगाला लागलेलं दे," असं दारातूनच सांगायची. नवऱ्याचा धड असलेला शर्ट कुणी पुढे केला तर परत करायची, आणि त्याच घरातून बाह्या विरलेला, पाठीत घामाने पिवळा पडलेला शर्ट मागून घ्यायची. त्याचा त्रिकोणी तुकडा कापून, मागे धोतराचं अस्तर लावून, चारी कडांनी धावदोरा घालायची. त्या तुकड्याला ती 'पान' म्हणायची. माणसागणिक एक पान. पुढच्या वर्षी ते फिकं पडलं की त्याच्यावरच नवा तुकडा. असं जुन्यावर नवं चढत गेल्याने म्हाताऱ्यांची पानं गोधडीसारखी जाड झाली होती, आणि लेकरांची वाऱ्यावर नुसती उडायची. कामासाठी पुण्याला, संभाजीनगरला गेलेल्यांचीही पानं असायची. त्यांचे कपडे घरच्यांनी आणून द्यायचे.

माणूस गेलं की दिवाळीआधी ती त्याचं पान उसवायची आणि त्या घरच्या पांघरायच्या वाकळेत शिवून टाकायची. "जित्याचं तोरणाला, गेल्याचं वाकळंला," हा तिचा नेम. आसपासच्या कुठल्या गावात मी असं पाहिलं नाही; तिने तो कुठून आणला कोण जाणे.

आमच्या गल्लीत दोन भाऊ बांधावरून भांडून बोलेनासे झाले होते. मायने त्यांची पानं शेजारी शेजारी शिवली. थोरल्याने येऊन तक्रार केली तेव्हा म्हणाली, "नगं बोलू. चार दिस वाऱ्यानं तरी एकमेकाला लागचाल." एकदा पोरांनी जालन्याहून, मस्तगडच्या दुकानातून, चमकीच्या पताका आणल्या. "माय, आता कशाला डोळे फोडती? तयार भेटतं की!" तिने ती चमकी हातात घेऊन उलटसुलट केली. "चांगली हाय. पण हिच्यात कोण हाय रं आपलं?" पोरं हसली, आणि त्यांनी दोन्ही तोरणं बांधली.

दत्ता तिचा धाकटा मुलगा, माझ्याच वयाचा. आम्ही दोघं बरोबरच जालन्याला आलो. तो एमआयडीसीत लोखंडाच्या गिरणीत लागला, मी बियाण्याच्या एका कंपनीत. घरी न विचारता त्याने गिरणीतलं काम सोडलं म्हणून त्याच्या थोरल्या भावाने, विष्णूदादाने, भर गल्लीत त्याच्या कानाखाली वाजवली. दत्ता त्याच दिवशी गाव सोडून गेला. दोन-तीन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. माय त्याच्या जुन्याच शर्टातून दरसाल तुकडा कापायची. शेवटी त्या शर्टाची नुसती कॉलर राहिली.

कंपनीच्या कामाने मी रायपूरकडे गेलो होतो, तिथे एका गिरणीसमोरच्या चहाच्या टपरीवर दत्ता भेटला. अंगाने भरलेला, मिशी ठेवलेली. घरी घेऊन गेला. तिथलीच बायको केली होती. सोनी नावाची, नुकतीच चालायला लागलेली पोरगी होती. मला दारापर्यंत सोडताना म्हणाला, "मायला म्या भेटलो सांग, पण ह्येंचं काही बोलू नको, माझा नंबर बी कुणाला देऊ नको. दादाचं डोकं तुला ठाऊक हाय. म्या सोताच घेऊन येतो दोघींला." निघताना त्याने अंगातला शर्ट काढून मला दिला. कशाला, ते सांगावं लागलं नाही.

त्या दिवाळीला मायने ते पान लावलं तेव्हा सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. मी आणलेल्यांत तेवढं एक पान खरं.

पुढच्या वर्षी दसऱ्यापासूनच तिने विचारायला सुरुवात केली. मी दत्ताला फोन केला. "पाठवतो," म्हणाला. पाठवला नाही. दिवाळी तोंडावर आली, मायचे डोळे माझ्या पिशवीकडे, आणि मी कपाटातला माझा एक जुना शर्ट फाडला. फार विचार केला नव्हता. दत्ता जिता आहे, मग तुकडा कुणाचा का असेना, असं मनात म्हटलं. दुसऱ्या वर्षी तर त्याला फोनही केला नाही.

असाच एकदा मी नेलेला तुकडा पोपटी होता. माझ्या बायकोची पसंत. मायने तो गालाला लावला, मग लांब धरून पाहिला, आणि दातातली सुई काढून माझ्याकडे बघत राहिली.

"दत्ता असलं पोपटी बिलकुल घालायचा न्हाई. बायको केली का रं त्यानं?"

"मला काय ठाऊक, माय."

"केली असंल लबाडानं. हे बाईमाणसाच्या पसंतीचं हाय." आणि ती हसायला लागली. "मंग काहून लपून राह्यला? सांग त्याला, घेऊन ये म्हणाव. म्या काही खात न्हाई तिला. विष्णूला म्या बघते. तिचं बी पान लावू, लेकरू असंल तर त्याचं बी. जल्दी ये म्हणाव."

हा निरोप मी दत्ताला दिला नाही.

कारण लिहायची लाज वाटते. बियाण्याचा हंगाम होता, धावपळ होती, हे मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण वेगळं. दत्ता घरी आला असता तर मायने पहिल्यांदा त्याला तो पोपटी शर्ट विचारला असता. माझं एवढंसं खोटं उघडं पडू नये म्हणून मी तिचं बोलावणं गिळून बसलो. त्याचा मध्येच फोन यायचा. "माय कशी हाय? काही म्हणती का?" मी सांगायचो, "बरी आहे. काही नाही म्हणत."

त्यानंतरच्या दिवाळीआधी मी गावाकडे निघालो होतो. तुकडा सकाळीच कापून खिशात ठेवला होता. अंबडला चहाला थांबलो तेव्हा रायपूरहून फोन आला. त्याची बायको होती. "भैया, वो नहीं रहे." कावीळ झाली होती, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. अग्नी देऊनही आठवडा होऊन गेला होता. मागे सोनी काहीतरी विचारत होती, तिचा आवाज येत होता.

अंबडपासून वडीगोद्रीपर्यंत मी मायला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत आलो. ती अंगणात बसली होती. सगळं तोरण मांडीवर, पायावर, जमिनीवर पसरलेलं. मला पाहून तिने हात पुढे केला.

"आण, दत्ताचं आण. तुझीच वाट पाहून राह्यले. बाकी समदी आली."

मी खिशात हात घातला आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

तिने तो गालाला लावला. "घाम येतो अजून लेकराला," म्हणाली.

जे पान तिने उसवून वाकळेत घ्यायला हवं होतं, ते तोरणात राहिलं. पुढेही दर दिवाळीला मी नवा तुकडा नेत राहिलो. तिची नजर मंद झाली, टाके वाकडेतिकडे पडायला लागले, गल्लीतल्या सुना तिला सुईत दोरा ओवून द्यायच्या. दत्ता का येत नाही, हे तिने मला विचारणं सोडून दिलं होतं. एकदाच म्हणाली, "माझंच काही चुकलं असंल. त्याला मारलं तवा म्या मधी पडले न्हाई." दत्ता तिच्यावर कधीच रागावला नव्हता, प्रत्येक फोनला आधी तिचंच विचारायचा. तेवढं तरी मला सांगता आलं असतं. मी पाणी प्यायलो आणि मोटारसायकल काढली.

गेल्या उन्हाळ्यात माय गेली. मी जालन्याहून पोचलो तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती. विष्णूदादाने मला बाजूला घेतलं. एवढा दांडगा माणूस, पण हात धरून बोलत होता. "सुधाकर, त्याला फोन लाव. म्हणाव, माझं चुकलं, ये. आपून उद्यापर्यंत थांबू."

मी गोठ्यामागे गेलो. मोबाईल कानाला लावून उभा राहिलो. कुणालाही फोन लावला नव्हता. थोड्या वेळाने परत येऊन सांगितलं, "लागत न्हाई, दादा."

तरी त्याने सूर्य कलेपर्यंत माती थांबवली. पाच पाच मिनिटांनी माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो. शेवटी त्यानेच अग्नी दिला. दहाव्याला, पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर, सगळ्यांसमोर म्हणाला, "आईच्या मातीला आला न्हाई. मंग आमाला मेलाच तो." माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी दत्ताला शिवी दिली. मी ओट्याच्या कडेला बसलो होतो. मीही मान डोलावली.

गावात आजही दत्ताचं नाव निघालं की लोक थुंकतात. रायपूरला सोनी शाळेत जाते. तिला तिकडे कुणी काही सांगितलं असेल, तर एवढंच की बापाला घरच्यांनी टाकलं होतं.

दत्ता आईच्या आधी गेला, हे विष्णूदादाला सांगायचं आहे. आईने तुम्हा तिघांना बोलावलं होतं, हे सोनीला आणि तिच्या आईला सांगायचं आहे. ही दोन्ही देणी माझी आहेत आणि अजून दोन्ही बाकी आहेत.