मामाला पटलेला विश्लेषक

निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवरचे विश्लेषक पाहिले की माझं डोकं उठायचं. बोटं जुळवून "याकडे व्यापक संदर्भात पाहावं लागेल" म्हणायचं आणि पुढे काहीच सांगायचं नाही! एकदा अमरावतीच्या घरी मी तसाच पुणेरी आवाज काढून रेकॉर्ड केला. "आपल्या ओट्यावर बसून रोज आपलाच पेपर वाचणारा गृहस्थ हा विरोधकांचा हेर असतो." हसतील म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

आठ दिवसांनी चांदूर रेल्वे गावाहून मामीचा फोन आला. मामाकडे त्याचे मित्र, एक रिटायर्ड मास्तर, चाळीस वर्षांपासून सकाळी पेपर वाचायला येतात. ते रेकॉर्डिंग ऐकल्यापासून मामानं त्यांना पेपर देणंच बंद केलं होतं. "मास्तर रोज फाटकापर्यंत येते अन् वापस जाते," मामी म्हणाली. रविवारी पहिली गाडी धरली.

"मामा, थो आवाज माहा होता. गंमत केली होती मी."

"काईबी सांगून रायला तू. थो मोठा अभ्यासू मानूस होता. तू त आपल्यासारखाच बोलून रायला."

आईची शपथ घेतली, तरी मामा हसतच होता. शेवटी चिडून मी बोटं जुळवली आणि तोच आवाज लावला. मामानं खुर्चीवरचे पाय खाली घेतले. समोर त्याच्या कडेवर वाढलेला भाचा बसलाय हे दिसत असूनही तो मान डोलवू लागला. "व्यापक संदर्भात पाहता," मी म्हणालो, "आपण स्नेह्यांना स्वतः पेपर नेऊन द्यावा."

मामानं चपला घातल्या आणि पेपर घेऊन सरळ निघाला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी टिंगल नक्की कुणाची केली होती, त्या विश्लेषकाची, मामाची की माझी स्वतःची, हेच मला कळेना.

थोड्या वेळानं दोघं परत आले. मास्तरांनी आतलं पान घेतलं, मामानं पहिलं.

"आता तरी पटलं ना, थो मीच होतो?" मी विचारलं.

"पटलं ना बाप्पा," मामा म्हणाला. "पन एवढं चांगलं बोलता येते तुले, मंग आमच्यासंग आजवर आपल्यासारखाच काहून बोलून रायला होता?"

दोघंही उत्तरासाठी माझ्याकडे पाहू लागले. ते कोणत्या आवाजात द्यायचं, मला सुचेना.